सहीचा नकार आणि नावांची यादी : गार्डन रीच येथील लेखन आणि काव्यप्रयोजनाचा प्रश्न

मराठीत काव्यप्रयोजनाची चर्चा आजही बहुधा मम्मटापासून सुरू होते. अकराव्या शतकातील या काश्मिरी साहित्यशास्त्रकाराने सांगितलेली सहा प्रयोजने, म्हणजे यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अशुभनिवारण, तत्काळ लाभणारा श्रेष्ठ आनंद आणि प्रियेच्या बोलण्यासारखा गोड उपदेश, आपल्याकडील पदवीवर्गातील विद्यार्थ्यालाही पाठ असतात. ‘काव्यप्रकाशा’च्या वृत्तीत त्याने दिलेल्या उदाहरणांकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. यशासाठी कालिदासादी, अर्थासाठी श्रीहर्षाकडून धन मिळवणारा धावक, अशुभनिवारणासाठी सूर्याला आळवणारा मयूर, अशी ती उदाहरणे आहेत. त्यांत एक मांडणी गृहीत धरलेली आहे. लिहिणारा खाली आहे आणि देणारा, मग तो राजा असो वा देव, वर आहे. लेखन खालून वर जाते आणि फळ वरून खाली येते. प्रयोजनाची ही सगळी व्यवस्था दरबार शाबूत आहे या विश्वासावर उभी आहे.

दरबारच नाहीसा झाला आणि पूर्वी जो देणारा होता त्याच्याच हाती लेखणी आली, तर या व्यवस्थेचे काय होते, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्यासाठी निवडलेले स्थळ कोलकात्याच्या दक्षिण-पश्चिम टोकाचे गार्डन रीच हे आहे आणि व्यक्ती अवधचे अखेरचे नवाब वाजिद अली शाह ही आहे. १८५६ ते १८८७ ही एकतीस वर्षे त्यांनी येथे काढली. या काळात त्यांनी, आणि त्यांच्यासाठी व त्यांच्याविषयी इतरांनी, जे लिहिले त्यात लेखनाची प्रयोजने एकामागून एक कशी बदलत गेली हे पाहता येते. मराठी अभ्यासकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. त्याच उलथापालथीतून ‘माझा प्रवास’ हे आपले पुस्तक आले आहे, आणि नवाबांच्या लखनौमधील एका इमारतीपर्यंत एका मराठी लेखकाचा धागा जातो. त्याकडे शेवटी येऊ.

हुगळी नदी कोलकात्याच्या खाली जेथे मोठे वळण घेते तेथील हा काठ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कंपनीचे अधिकारी आणि न्यायाधीश यांनी येथे बागांनी वेढलेले प्रशस्त बंगले बांधले, त्यावरून हे नाव पडले. पलीकडच्या तीरावर शिबपूरचे वनस्पतिउद्यान आहे. याच परिसरातील मटियाबुर्ज हे नाव मराठी कानाला परके नाही. नदीवर पहारा ठेवणारा मातीचा बुरूज, हाच त्याचा अर्थ. आज येथे जहाजबांधणीचा सरकारी कारखाना आहे, तयार कपडे शिवणाऱ्या शिंप्यांची प्रचंड वस्ती आहे आणि दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. ही रेल्वे मूळची ‘बंगाल नागपूर रेल्वे’. नागपूरचे नाव एका कंपनीच्या पाटीवर बसून या काठापर्यंत येऊन पोचले होते, एवढा योगायोग नोंदवून पुढे जाऊ.

या कथेतील पहिली कृती लिहिण्याची नाही, न लिहिण्याची आहे. फेब्रुवारी १८५६ मध्ये रेसिडेंट आउट्रम यांनी अवध कंपनीच्या स्वाधीन करणारा तह नवाबांपुढे ठेवला आणि सही मागितली. वाजिद अली शाह यांनी डोक्यावरची पगडी काढून आउट्रम यांच्या हाती दिली, पण सही केली नाही. राज्य गेले ते सहीवाचून, घोषणेने गेले. लेखनाच्या इतिहासात अशा नकाराला स्थान द्यावयास हवे असे मला वाटते. ज्या व्यवस्थेत एका कागदावरील एका नावाने राज्य वैध रीतीने हस्तांतरित होते, तेथे आपले नाव न लिहिणे हेही सत्ताधाऱ्याला उद्देशून केलेले विधानच असते. विशेष हे की, नकार देणारा मनुष्य लिहिण्यात आळशी नव्हता. ‘अख़्तर’ या नावाने त्यांनी तरुणपणापासून कविता रचल्या होत्या, युवराज असताना राधा-कन्हैयाचा खेळ रचून रंगवला होता आणि आपल्या प्रेमप्रकरणांचे आत्मकथन ‘इश्क़नामा’ या नावाने सिद्ध केले होते. नकार दिला तो ज्याला लेखनाची किंमत पुरती ठाऊक होती अशा माणसाने.

मार्च १८५६ मध्ये लखनौ सोडून कानपूर, अलाहाबाद, बनारस असा प्रवास करीत ते मे महिन्यात कोलकात्यास आले आणि बर्दवानच्या महाराजांचा गार्डन रीचचा बंगला भाड्याने घेऊन राहिले. येथे थांबण्याचा त्यांचा विचार नव्हता. पुढे विलायतेस जाऊन राणीपुढे कैफियत मांडावयाची होती. प्रकृतीने साथ दिली नाही, तेव्हा त्यांची आई मलिका किश्वर, भाऊ आणि युवराज असे मंडळ त्या वर्षी समुद्रमार्गे लंडनला गेले. इकडे अवधच्या कारभारावर ठपका ठेवणारे सरकारी ‘ब्लू बुक’ छापून आले होते. त्याला वाजिद अली शाह यांच्या नावे मुद्देसूद उत्तर इंग्रजीत प्रसिद्ध झाले. म्हणजे गार्डन रीच येथील लेखनाचे पहिले प्रयोजन मन वळवणे हे होते. वाचक ठरलेला होता : संसद, राणी आणि इंग्रजी वृत्तपत्रे वाचणारा वर्ग. भाषाही त्याच वाचकाने ठरवली. उर्दू-फार्सीत सहजपणे लिहिणाऱ्या माणसाची बाजू, दुसऱ्यांनी घडवलेल्या मसुद्यांतून, त्याला परक्या असलेल्या भाषेत मांडली गेली.

मराठी वाचकाला हा प्रकार ओळखीचा आहे. १८३९ मध्ये साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज पदच्युत होऊन बनारसला पाठवले गेले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि १८५३ पर्यंत अर्ज, निवेदने, पुस्तिका यांचा मारा करीत राहिले. त्या अर्जांचे फळ काय मिळाले हे ठाऊक असूनही तीन वर्षांनी अवधने तोच मार्ग धरला. याला भोळेपणा म्हणणे सोपे आहे. पण लेखी न्यायावर कंपनी आणि राणी यांचे राज्य चालते असे इंग्रजांनीच सांगितले होते. ते खरे मानून पाहिल्याशिवाय ते खोटे आहे असे म्हणता येत नव्हते.

मलिका किश्वर यांना १८५७ च्या जुलैमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट मिळाली. तोवर उत्तरेत उठाव पेटला होता आणि जूनमध्येच वाजिद अली शाह यांना गार्डन रीचहून उचलून फोर्ट विल्यममध्ये कैदेत ठेवले गेले होते. ऑगस्टमध्ये अवधच्या राजघराण्याचा अर्ज लॉर्ड्स सभागृहापुढे आला तेव्हा तो एका तांत्रिक दोषासाठी नाकारला गेला. अर्जाच्या ठराविक मायन्यात ‘नम्र’ हा शब्द राहून गेला होता. राज्य हरण करण्याच्या कृतीला विरोध करणारा कागद एका विशेषणासाठी बाजूस सारला जावा, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते, पण तेवढेच नाही. सभागृहाने अर्जातील आशयाविरुद्ध काही म्हटले नाही. अर्जदाराने आपले स्थान लिहिताना मान्य केले नाही, एवढेच म्हटले. मम्मटाच्या मांडणीतील ‘खालून वर’ ही दिशा येथे कायद्याच्या कलमासारखी उघडी पडते. मलिका किश्वर परतल्या नाहीत. जानेवारी १८५८ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांना तेथील पेर लाशेज कबरस्तानात दफन करण्यात आले.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. ‘इश्क़नामा’ची १८४९–५० ची सचित्र हस्तलिखित प्रत उठावानंतर इंग्लंडला गेली आणि आज विंडसरच्या राजसंग्रहात आहे. ज्या दारी कैफियतीची दाद लागली नाही, त्या दारी प्रेमाच्या गोष्टींचे पुस्तक मात्र पोचले. ते जिंकलेली वस्तू म्हणून पोचले.

फोर्ट विल्यममध्ये वाजिद अली शाह दोन वर्षांहून थोडा अधिक काळ होते, १८५९ च्या जुलैपर्यंत. त्यांच्यावर खटला चालला नाही, आरोपही सिद्ध झाला नाही. या काळात त्यांनी ‘हुज़्न-ए-अख़्तर’ ही मसनवी रचली. शीर्षकाचा अर्थ ‘अख़्तरचे दुःख’. अख़्तर म्हणजे तारा. कवीचे टोपणनाव आणि नशिबाचा तारा हे दोन्ही त्या शब्दात सामावले आहेत. राज्य जाणे, लखनौ सोडणे, कोलकात्याची वाट, कैद, ही सगळी हकीकत येथे पद्यात आहे. मसनवी हा प्रकार उर्दूत मुख्यतः प्रेमकथेसाठी वापरला गेला होता. मीर हसन, दयाशंकर नसीम यांच्या लखनौला परिचित असलेल्या मसनव्यांत राजपुत्र असतो, पऱ्या असतात, वियोग असतो आणि शेवटी मीलन असते. या प्रकाराचा साचा आपल्या कैदेच्या वृत्तान्तासाठी उचलणे म्हणजे वियोगाचा भाग ठेवून मीलनाचा भाग कापून टाकणे होय. ज्याने स्वतःच्या विलासाची कथा लिहिली होती, त्यानेच तेच माध्यम उलटे धरले.

या कवितेचे प्रयोजन कोणते? अशुभनिवारण म्हणावे तर मयूराच्या उदाहरणातील व्याधिमुक्ती येथे नाही. आनंद म्हणावे तर तो कोणाचा? ही कविता इंग्रज अधिकाऱ्यासाठी नव्हती, कारण त्याला ती वाचता येत नव्हती. ती दरबारासाठी नव्हती, कारण दरबार विखुरला होता. मला वाटते, वाचक नसताना लिहिण्याचा हा प्रसंग असला तरी वाचकाची जागा रिकामी नाही. ती राखून ठेवलेली आहे. अर्जात वाचक हजर असतो आणि लेखकाला त्याच्या भाषेत जावे लागते. मसनवीत वाचक गैरहजर असतो आणि म्हणून लेखक आपल्या भाषेत परत येऊ शकतो. कैदेने जे दिले ते हेच, असे म्हणणे क्रूर वाटेल, पण साहित्यदृष्ट्या ते खरे आहे. इंग्रजी उत्तरात जी व्यक्ती सापडत नाही ती या मसनवीत सापडते.

त्याच काळात गालिब दिल्लीत ‘दस्तंबू’ लिहीत होते. उठावाचा वृत्तान्त, जुन्या फार्सीत, १८५८ मध्ये छापला गेला आणि राणीकडे पाठवण्याच्या उद्देशाने सिद्ध झाला. निवृत्तिवेतन आणि मानमरातब परत मिळावेत ही अपेक्षा त्यामागे होती. मम्मटाच्या अर्थप्राप्तीचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण सापडणार नाही. तिसरीकडे बेगम हज़रत महल यांनी राणीच्या नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्याला प्रतिजाहीरनाम्याने कलमवार उत्तर दिले. त्या वाजिद अली शाह यांच्या एके काळच्या पत्नी, पण त्या लखनौत राहिल्या आणि लढल्या. पती कोलकात्यात मसनवी लिहीत असताना त्या जाहीरनामा लिहीत होत्या, अशी तुलना करून नवाबांना कमी लेखण्याची प्रथा आहे. ती मला मान्य नाही. जाहीरनाम्यामागे फौज असावी लागते. कैद्याच्या हाती असतो तो शोक.

मसनवीपेक्षाही या वर्षांतील पत्रे मला अधिक बोलकी वाटतात. लखनौत मागे राहिलेल्या बेगमा आणि गार्डन रीच वा किल्ल्यातील नवाब यांच्यात गद्यपद्य पत्रव्यवहार होत होता. तो काही वेळा तक्रारींचा, काही वेळा पैशांचा, बराचसा विरहाचा होता. या पत्रांचे संग्रह पुढे ‘तारीख’ अशा नावांनी बांधले गेले, ‘तारीख-ए-मुमताज़’ हा त्यांतील प्रसिद्ध संग्रह. मराठीत ‘तारीख’ म्हणजे दिनांक, मुकदम्याची तारीख. मूळ अरबी-फार्सीत तो शब्द इतिहास या अर्थीही चालतो. प्रेमपत्रांच्या गठ्ठ्याला इतिहास म्हणणे ही केवळ अलंकारिक हौस नसावी. ज्या राजाचा अधिकृत इतिहास आता दुसरे लिहिणार होते, त्याच्याजवळ स्वतःच्या हाताने लिहिता येण्याजोगा इतिहास उरला होता तो एवढाच. येथे प्रयोजन जिवंत नाते टिकवण्याचे आहे. पत्र न आल्यास तलाक दिल्याची अफवा पसरू शकत होती, तनखा थांबू शकत होता. पत्र हे त्या अर्थी हुकूमनाम्याचे अखेरचे रूप होते.

सुटकेनंतर प्रश्न बदलला. नवाबांनी वर्षाला बारा लाख रुपयांचे वेतन स्वीकारले आणि मटियाबुर्जला स्थिर झाले. पुढच्या पाव शतकात या काठावर त्यांनी लखनौ पुन्हा उभे केले. कोठ्या, बागा, इमामबाडे, प्राणिसंग्रह, सापांसाठी दगडी डोंगर आणि हजारो कबुतरे, असा तो संसार होता. विद्यार्थिदशेत येथे वाढलेल्या अब्दुल हलीम शरर यांनी त्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. या नगरीत नवाबांचा स्वतःचा छापखानाही होता, ‘मतबा-ए-सुलतानी’. पुस्तके शिळाछापावर निघत. कविता, मर्सिये, धर्मविचार, संगीत, आठवणी, सगळेच छापले जाई. ही पुस्तके विकण्यासाठी नव्हती आणि बाजारपेठेच्या दृष्टीने त्यांना अर्थ नाही. छापखाना हा येथे व्यवसाय नव्हता. नाणे पाडण्याचा अधिकार गेलेल्या राजाला आपल्या नावाचा ठसा उमटवण्याची तेवढीच एक जागा राहिली होती.

या पुस्तकांतील सर्वांत विचार करायला लावणारे पुस्तक १८७७ चे ‘बनी’ हे आहे. ते संगीतावरचे आहे, पण शास्त्रग्रंथ म्हणून वाचावयास गेल्यास निराशा होते. राग-ताल आहेत, स्वरचित गीते आहेत, रहसच्या छत्तीस प्रकारांची रचना आहे. रहस म्हणजे रासलीलेचे नवाबी रूप. कोणी कोठे उभे राहावे, हात कसा धरावा, याच्या सूचना आहेत, नकलांची वर्णने आहेत. आणि मग याद्या येतात. मटियाबुर्जच्या कोणकोणत्या नर्तकींच्या आणि गायिकांच्या मंडळ्या आहेत, त्यांत कोण आहे, कोणाला किती पगार आहे. साहित्याचा वाचक अशा पानांवरून भराभर पुढे जातो. संगीताच्या इतिहासकारांना मात्र हीच पाने हवी असतात. रिचर्ड विल्यम्स यांनी मटियाबुर्जच्या संगीतावर २०२३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या पुस्तकाचा उपयोग कसून केला आहे. रोझी लेवेलिन-जोन्स यांच्या २०१४ च्या चरित्रानंतर या विखुरलेल्या दरबाराकडे असा गांभीर्याने पाहणारा हा महत्त्वाचा अभ्यास आहे.

यादी हा साहित्यप्रकार नाही असे आपण समजतो. पण मराठी दफ्तरांशी परिचय असलेल्या कोणालाही हे पटणार नाही. पेशवे दफ्तरातील मोईनजाबत्यांत माणसांची नावे आणि त्यांचे वेतन ओळीने येते, आणि अठराव्या शतकातील समाज आपल्याला दिसतो तो पुष्कळदा बखरींपेक्षा या जाबत्यांतून. फरक असा की, जाबता राज्य चालवण्यासाठी लिहिला जातो. ‘बनी’मधील जाबता राज्य नसताना लिहिला गेला. हिशेब लिहिणारे कारकून मटियाबुर्जला होतेच, त्यामुळे पगाराची नोंद करण्यासाठी राजाला पुस्तक छापण्याची गरज नव्हती. तरीही त्याने ती नावे छापली. आपण गेल्यावर हा सारा डोलारा टिकणार नाही याची जाणीव त्यामागे असावी, असे अनुमान मी करतो. त्याला पुष्टी पुढील घटनांतूनच मिळते. २१ सप्टेंबर १८८७ रोजी वाजिद अली शाह वारले. सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्यांना दफन केले गेले. त्यानंतर सरकारने मालमत्तेची विल्हेवाट लावली, प्राणी विकले गेले, बहुतेक कोठ्या पाडल्या गेल्या. त्या मंडळ्यांतील बायकांची नावे उरली ती छापलेल्या पानावर.

यश, अर्थ, उपदेश यांपैकी कोणतेच प्रयोजन येथे लागू पडत नाही. लेखक आपल्या यशासाठी लिहीत नाही, इतरांची नावे लिहितो. देणारा तोच आहे, आणि जे देता येणे आता अशक्य आहे ते तो कागदावर देतो. मम्मटाच्या मांडणीची दिशा येथे फिरलेली दिसते. लेखन वरून खाली येते.

नवाबांच्या लेखनाचा हा पैलू दुर्लक्षित राहिला याला कारण आहे. अवध खालसा करण्याचे समर्थन रेसिडेंट स्लीमन आणि त्यांच्यानंतरच्या कागदपत्रांनी उभे केले ते नेमके याच आरोपावर : राजा गाण्याबजावण्यात आणि गायकांच्या संगतीत गुंतलेला आहे. पुढे राष्ट्रवादी दृष्टीनेही, वेगळ्या कारणाने, तेच चित्र उचलले. प्रेमचंदांची १९२४ ची ‘शतरंज के खिलाड़ी’ ही कथा विलासी लखनौवरचे भाष्य आहे. सत्यजित राय यांनी १९७७ च्या चित्रपटात राजाला अधिक सहानुभूती दिली, पण त्यांचा राजाही लखनौच्या उंबरठ्यावरच थांबतो. पुढची एकतीस वर्षे, म्हणजे लिहिण्याची वर्षे, चित्रपटाबाहेर आहेत. वसाहतवादी आणि वसाहतविरोधी असे दोन्ही वाचक ज्या लेखकाला एकाच शब्दात मोडीत काढतात, त्याच्याकडे तौलनिक अभ्यासकाने पुन्हा वळायला हवे.

शरर यांचे लेखन या परंपरेतील पुढचा टप्पा आहे. १८६० मध्ये लखनौत जन्मलेले शरर नवव्या वर्षी मटियाबुर्जला आले. त्यांचे आजोबा नवाबांच्या चाकरीत होते. एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास ते लखनौला परतले, कादंबरीकार झाले, १८८७ मध्येच ‘दिलगुदाज़’ मासिक काढले. १९१३ पासून त्या मासिकात त्यांनी लखनौच्या संस्कृतीवर जी लेखमाला चालवली तिच्यात पोशाख, पक्वान्ने, पतंग, कोंबड्यांच्या झुंजी, बोलण्याची रीत, सगळे आहे. पाककृतीइतकाच भर शिष्टाचारावर आहे. नवाबांच्या खासगी वर्तनाविषयी ते कठोर आहेत, पण ज्या गोष्टी त्यांनी लहानपणी गार्डन रीचला पाहिल्या त्यांचे वर्णन करताना हात सैल होतो. महत्त्वाचे म्हणजे ज्याने अस्सल लखनौ अस्तास गेल्यावर जन्म घेतला, त्याने ते लखनौ पाहिले ते बंगालमध्ये, प्रतिकृतीच्या रूपाने. त्याच्या लेखनाचा वाचक मासिकाचा वर्गणीदार आहे, ज्याने यांपैकी काहीच पाहिलेले नाही. नवाब जे टिकवून ठेवू पाहत होते ते शरर समजावून सांगतात. समजावून सांगावे लागणे हीच ते गेल्याची खूण आहे.

या पार्श्वभूमीवर गोडसे भटजींकडे पाहिले म्हणजे प्रयोजनाच्या प्रश्नाला आणखी एक बाजू मिळते. विष्णुभट गोडसे हे कोकणातल्या वरसईचे. घरच्या कर्जामुळे १८५७ च्या आरंभी काकांबरोबर उत्तरेस निघाले. मथुरेस बायजाबाई शिंदे यांचा सर्वतोमुख यज्ञ व्हावयाचा होता आणि तेथे दक्षिणा मिळेल ही आशा होती. म्हणजे मम्मटाचे अर्थप्रयोजन त्यांच्या प्रवासाला आहे, लेखनाला नाही. वाटेत उठावाने गाठले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. त्यांच्या वृत्तान्तात लखनौही येते. द्रव्य लुटले गेले आणि ते परतले. पंचवीस वर्षे त्यांनी काही लिहिले नाही. १८८३ च्या सुमारास त्यांनी लिहिले ते चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून, ज्यांच्या घराण्याचे ते उपाध्याय होते. आणि छापले गेले ते १९०७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, वैद्यांनी भाषा सुधारून. मूळ मजकूर जसाच्या तसा वाचकांपुढे यायला १९६६ सालची दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती यावी लागली.

दोघेही एकाच वर्षाच्या आघाताने लेखक झाले. पण गोडसे भटजींना वाचक मिळाला तो समोर बसलेला, शिकलेला, विचारणारा यजमान. म्हणून त्यांच्या गद्यात पाहिलेले सांगण्याचा ओघ आहे, तक्रार नाही, कविता नाही, सत्तेला उद्देशून एक वाक्य नाही. नवाबांना असा विचारणारा कोणी मिळाला नाही, म्हणून त्यांनी स्वतःच छापखाना घातला. ‘माझा प्रवास’ हे मराठीतील सर्वांत जिवंत गद्यांपैकी एक आहे आणि ते विचारणा झाल्यामुळेच लिहिले गेले, ही गोष्ट लेखन आतून उसळून येते असे मानणाऱ्यांना अडचणीची आहे. याच पुस्तकाचा हिंदी अनुवाद लखनौच्या अमृतलाल नागर यांनी ‘आँखों देखा ग़दर’ या नावाने केला, हेही सहज घडलेले नाही. लखनौला स्वतःच्या उठावाचा साक्षीदार हवा होता आणि तो वरसईत सापडला.

आता निबंधाच्या आरंभी उल्लेखिलेला धागा. ‘बनी’ छापली गेली तेव्हा मुंबईत विष्णु नारायण भातखंडे सतरा वर्षांचे होते. पुढे वकिली सोडून त्यांनी गवयांकडील चिजा मिळवण्यासाठी हिंदुस्थानभर फिरावयास सुरुवात केली. १९०७ मध्ये कोलकात्यात ते राजा सौरींद्रमोहन ठाकुर यांना भेटले. ठाकुर यांनी १८७१ मध्ये, म्हणजे मटियाबुर्ज ऐन भरात असताना, त्याच शहरात संगीतशाळा काढली होती. भातखंडे यांनी ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ मराठीत, संवादरूपाने लिहिली आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’त शेकडो चिजा स्वरलिपीत उतरवल्या. विद्या घराण्यांच्या कोंडीतून बाहेर पडून कोणाही विद्यार्थ्याला वाचून शिकता यावी, हे प्रयोजन त्यांनी लपवले नाही. १९२६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने लखनौत संगीत महाविद्यालय निघाले, आज ते त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. ते कैसरबागेत आहे. ज्या इमारतीत ते पुढे स्थिरावले, ती वाजिद अली शाह यांचा परीखाना, जेथे त्यांच्या नर्तकी शिकत.

एकाच छताखाली दोन प्रकारचे लेखन असे समोरासमोर येते. भातखंडे यांच्या पुस्तकांत चीज आहे, स्वर आहेत, ताल आहे. मात्र ती ज्यांच्या गळ्यातून आली ते गवई, त्यांतही मुसलमान उस्ताद, बहुतेक ठिकाणी मागे पडले आहेत, असा आक्षेप जानकी बखले यांनी २००५ च्या ग्रंथात घेतला आणि त्यावर आपल्याकडे नाराजीही व्यक्त झाली. आक्षेपाची धार कमी-अधिक करता येईल, पण तो ज्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो ती आहे. ‘बनी’त नेमके उलट आहे. तेथे गीताचे बोल आहेत, पण ते कसे गायले जात ते उतरवून घेण्याची सोय नाही. कोणी गायले, कोणत्या मंडळीत, महिना किती रुपयांवर, हे मात्र आहे. परीखान्यात आज शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे भातखंडे यांची पुस्तके असतात. गार्डन रीचच्या शिळाछापातील ती नावे वाचण्यासाठी त्याला दुसऱ्या लिपीकडे जावे लागते.